रिकाम्या हातांचा हिशेब

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. पण मुलीसाठी स्थळ पाहण्याची वेळ आली, की हा क्रम नेमका उलटा होतो. म्हण तोंडात राहिली आणि व्यवहार तिच्या विरुद्ध दिशेने चालत राहिला. नोकरीला नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. मी स्वतः चार वर्षे नोकरी केली आणि हातातले कसब तेथेच मिळविले. परंतु नोकरी आहे म्हणजे सर्व काही आहे आणि नोकरी नाही म्हणजे माणूसच कमी प्रतीचा, ही समजूत आपल्या घरांत फार मुरली आहे. तिच्यापायी किती तरुण मने आतल्या आत खचतात, हे बेळगावच्या उद्यमबागेत एक लहानसे मशीनशॉप चालविताना गेली चाळीसहून अधिक वर्षे मी जवळून पाहत आलो आहे. त्या अनुभवातील चार गोष्टी आपल्या कुटुंबांपुढे ठेवाव्यात, एवढाच या लेखाचा उद्देश.

आमच्या गल्लीतील एक मुलगा मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन पुण्यास नोकरीला लागला होता. २०२० च्या टाळेबंदीत ती नोकरी गेली आणि तो घरी परतला. पहिले काही महिने सर्वांनी धीर दिला. पुढे मात्र त्याच्याशी बोलताना घरातील प्रत्येकजण शब्द तोलू लागला. वडील वर्तमानपत्र वाचून झाले, की जाहिरातींचे पान काही न बोलता त्याच्याकडे सरकवीत. आई पाहुण्यांना ‘परीक्षेला बसला आहे’ असे सांगे. तो लग्नामुंजीला जाईनासा झाला. एके दिवशी त्याने मला विचारले, ‘‘काका, मी दिवसभर अर्ज करीत असतो, तरी संध्याकाळी आज आपण काहीच केले नाही, असे का वाटते?’’

प्रश्न मोठा खरा होता. अर्ज आपण करतो, पण त्याचे फळ दुसऱ्याच्या हाती असते. ज्याचा सारा दिवस दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहण्यात जातो, त्याला संध्याकाळी हात रिकामेच वाटणार. म्हणून दिवसाचा निदान अर्धा भाग तरी असा असावा, की ज्यात सुरू केलेले काम आपल्याच हातून पुरे होते. त्या मुलाला मी सकाळी आठ ते एक शॉपमध्ये येण्यास सांगितले. फुकट नव्हे, हेल्परचा पगार घेऊन. काम करणाऱ्याला मोल मिळालेच पाहिजे, नाहीतर ती मदत न राहता उपकार होतो. दुपारनंतरचा वेळ अर्जांसाठी ठेवला. आठ महिन्यांनी त्याला येथल्याच एका फौंड्रीत तपासणी विभागात जागा मिळाली. पगार पुण्यापेक्षा कमी आहे. परंतु तो पुन्हा लग्नामुंजीला जाऊ लागला आहे.

नोकरीचा शोध हेही एक काम आहे आणि प्रत्येक कामाप्रमाणे त्याचीही वही असावी. अर्ज कोणत्या तारखेस, कोणाकडे, कोणत्या जागेसाठी केला आणि उत्तर काय आले, एवढे चार रकाने पुरेत. आठदहा दिवसांत उत्तर न आल्यास एक नम्र स्मरणपत्र पाठवावे. अर्जात ‘कष्टाळू’, ‘प्रामाणिक’ अशी विशेषणे लिहिण्यापेक्षा आपणास काय येते ते लिहावे. ‘ड्रॉइंग वाचता येते, मायक्रोमीटरने माप घेता येते, सीएनसीवर जॉब सेट करता येतो’, असे एक वाक्य दहा विशेषणांना भारी पडते. लहान कारखाने सहसा जाहिरात देत नाहीत. त्यांच्याकडे स्वतः जावे. मात्र पाळी सुरू होण्याच्या घाईत जाऊ नये. कोणाकडे नवे काम आले आहे, हे मालकाच्या आधी टूल्सच्या दुकानदाराला आणि कास्टिंग वाहणाऱ्या टेंपोवाल्याला कळते, असे आम्ही गमतीने म्हणतो. त्यांच्याशी ओळख ठेवावी. आयटीआय झालेल्यांनी शिकाऊ उमेदवारीला कमी लेखू नये. १९६१ च्या कायद्याने उमेदवाराला विद्यावेतन मिळते, आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे कारखान्याची शिस्त अंगी बाणते.

येथे एक नाजूक विषय टाळता येत नाही. सीमाभागातील आपल्या भावना आपल्या जागी आहेत आणि मायमराठी घरात जपली पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु ज्या गावात पोट भरावयाचे, तेथील कार्यालयाची भाषा वाचता-लिहिता न येणे हे कसले भूषण? राज्य सरकारच्या नोकरीला कन्नड लागते. बँकेत, वीज कार्यालयात, गिऱ्हाइकाशी बोलतानाही ती उपयोगी पडते. कामगाराच्या पेटीत एक पाना अधिक असला, म्हणून आधीचे पाने गंजत नाहीत.

आता स्वतंत्र उद्योगाविषयी. या बाबतीत बेळगावकरांनी लांब पाहण्याची गरज नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ साली याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईस गेले; पण रंगांतील भेद नीट ओळखता येईना, म्हणून यंत्रांच्या चित्रांकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवीत असता बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली. थोरल्या बंधूंसह, म्हणजे रामूअण्णांसह, त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालविले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले. लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीमुळे शेतकरी नांगर घेईनात. नगरपालिकेच्या नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. या चरित्रातून धाडसाचा धडा सगळेच घेतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पायऱ्यांची रीत. प्रथम दुसऱ्याच्या मालाची विक्री, मग लहान यंत्र, मग मोठे. एकदम उडी कोठेच नाही.

आमच्या धंद्यात नवा माणूस बुडतो तो बहुधा कामाअभावी नव्हे, हिशेबाअभावी. एक उदाहरण घेऊ. समजा, एका मशीनमागे महिन्याचा एकूण खर्च ५२,००० रुपये आहे. त्यात कर्जाचा हप्ता, भाडे, वीज, ऑपरेटरचा पगार, टूल्सची झीज आणि मालकाचे स्वतःचे वेतन, सारे आले. महिन्याला २०० तास धरून तो २६० रुपये तासाचा दर सांगतो आणि काम मिळाल्याचा आनंद मानतो. प्रत्यक्षात वीज जाते, सेटिंगला वेळ लागतो, चार जॉब रिजेक्ट होतात, आणि बिल होते ते १३० तासांचेच. म्हणजे खरा खर्च तासाला ४०० रुपये पडला! दर तासाला १४० रुपये पदरचे घालून तो राबत असतो आणि वर्षाअखेर नशिबाला दोष देतो. त्यातही पुष्कळजण स्वतःचे वेतन खर्चात धरतच नाहीत. जो धंदा मालकाला पगार देऊ शकत नाही तो धंदा नव्हे, ती वेठ आहे.

दुसरी गोष्ट वसुलीची. १९८७ साली एका मोठ्या गिऱ्हाइकाने माझे बिल सात महिने अडकवून ठेवले. त्या दिवाळीला कामगारांचा बोनस मी भिशीतून उचललेल्या पैशांतून दिला. तेव्हापासून एकाच गिऱ्हाइकाचे काम निम्म्याहून अधिक घ्यावयाचे नाही, असा मी नियम केला. आज परिस्थिती थोडी अनुकूल आहे. २००६ च्या कायद्याने नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. त्यासाठीची ‘उद्यम’ नोंदणी २०२० पासून विनामूल्य होते, ती पहिल्याच आठवड्यात करून घ्यावी. भांडवलाचे म्हणाल, तर २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत १० लाखांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. मात्र कर्ज मिळते म्हणून उद्योग काढू नये. गिऱ्हाईक मिळते म्हणून काढावा.

शेवटी मंदीच्या दिवसांविषयी. काम नसलेला दिवस नोकरदारालाही येतो आणि उद्योजकालाही. अशा दिवशी उशिरा उठण्याची सवय प्रथम लागते, आणि ती सुटता सुटत नाही. आमच्या शॉपमध्ये काम नसले, तरी शटर वेळेवर उघडते. मशीन पुसून तेल घालणे, टूल्सना धार लावणे, जुनी येणी मागून येणे, राहिलेली कागदपत्रे पुरी करणे, हे सारे त्या दिवशी होते. रात्री निजण्यापूर्वी उद्याची तीन कामे कागदावर लिहावीत. दहा नव्हे, तीनच. दहा लिहिली की सात उरतात आणि उरलेली सातच डोळ्यांपुढे नाचतात.

घरातील वडीलधाऱ्यांना माझी एक विनंती आहे. नोकरी शोधणाऱ्या मुलाला वा मुलीला ‘पुढे काय ठरवलेस?’ असे रोज विचारू नका. त्याचे उत्तर त्यांच्यापाशी नसते, म्हणून तर ती शोधात आहेत. त्याऐवजी जेवताना सहज विचारा, ‘आज काय केलेस?’ या प्रश्नाला उत्तर देता येते. आणि उत्तर देता यावे म्हणून दुसऱ्या दिवशी मूल काहीतरी करतेच.