टिपेचें इमान

प्रत्येक जुन्या घरांत एखादी वही असते. तींत लोणच्याच्या मिठाचें प्रमाण लिहिलेलें असतें. करणारीनें प्रमाण बदललें आणि वही तशीच राहिली, तर पुढल्या सुनेचें लोणचें बिघडतें, व दोष मात्र तिच्या हाताला लागतो! आमची पुतणी वसईहून रोज अंधेरीस जाऊन संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. तिच्या धंद्यांतील एक गोष्ट ऐकतांना मला या वहीची आठवण झाली.

हल्लीं एका संस्थेचा प्रोग्रॅम दुसऱ्या संस्थेच्या प्रोग्रॅमशीं इंटरनेटवरून बोलतो. २०१६ सालीं सुरू झालेल्या यूपीआयनें आपण वसईच्या बाजारांत केळ्यांचे पैसे देतों, तेव्हां पडद्याआड बँकांचे प्रोग्रॅम असेंच संभाषण करीत असतात. या संभाषणाच्या ठराविक रीतीला एपीआय म्हणतात. काय विचारावें, उत्तर कोणत्या रूपांत मिळेल, हें सांगणारी पुस्तिका परक्या प्रोग्रॅमकाराला लागतेच. ती निराळी लिहिण्याऐवजीं, प्रोग्रॅमच्या प्रत्येक भागाच्या डोक्यावर विशिष्ट खुणांनीं टीप लिहावयाची, आणि त्या टिपा वेंचून एखाद्या साधनाकडून पुस्तिका तयार करवावयाची, अशी युक्ति निघाली. १९९६ सालीं जाव्हा भाषेच्या पहिल्या संचाबरोबर आलेलें जाव्हाडॉक व १९९७ सालचें डॉक्सिजन हीं अशींच साधनें. वेब एपीआयसाठीं पुढें स्वॅगर आलें.

युक्ति नामी खरी. टीप कामाच्या शेजारींच असल्यामुळें ती बदलण्याचें स्मरण राहतें. परंतु शेजार म्हणजे इमान नव्हे. पुतणीच्या कचेरींत एकदां रक्कम रुपयांत घेणारा भाग पैशांत घेऊं लागला. वरची टीप मात्र 'रुपयांत' असेंच सांगत राहिली. साधनानें ती सुबकपणें पुस्तिकेंत उतरविली. दुसरीकडील एका नवख्या मुलानें तिच्यावर विश्वासून ५०० हा आंकडा पाठविला, त्याचे ५ रुपये झाले. दोन दिवस तो स्वतःचीच चूक शोधीत होता आणि वरिष्ठांचे बोल ऐकत होता. येथें संख्या हवी, एवढें साधन प्रोग्रॅमवरून ताडून पाहूं शकतें. ती रुपयांची कीं पैशांची, हें लिहिणाऱ्यालाच ठाऊक!

आतां तेथें नियम आहे: बदल तपासणाऱ्यानें टीपहि वाचावी, व ती जुनी असल्यास बदल स्वीकारूं नये. मला हा नियम फार आवडला. पुस्तिकेचा वाचक दूर असतो. त्याला आपला चेहरा दिसत नाहीं, अक्षर तेवढें दिसतें. त्याचे दोन दिवस वांचविण्यासाठीं आपण अर्धें मिनिट खर्चावें, याला मी तरी सौजन्यच म्हणेन.