परसातील कचेरी

आमच्या डोंबिवलीच्या घराच्या परसात दहा बाय बारा फुटांची एक खोली आहे. वडिलांच्या हयातीत तीत जळाऊ लाकडे, कोळशाचे पोते आणि नारळाच्या झावळ्या असत. पुढे घरात गॅस आला आणि ती अडगळीच्या स्वाधीन झाली. २०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी होऊन सूनबाईची नोकरीच घरी चालत आली, तेव्हा कुठे त्या खोलीचे दैव पालटले. भिंतींना चुना, खाली फरशी, एक मेज, एक पंखा आणि घरापासून तेथवर विजेची तार, एवढा संसार मांडून झाल्यावर आम्ही तिला ‘कचेरी’ म्हणू लागलो. टाळेबंदी उठली, तरी आठवड्यातून तीन दिवस सूनबाईचे काम तेथूनच चालते. तेवढे तीन दिवस लोकलच्या गर्दीतून सुटका होते, म्हणून ती त्या खोलीला फार जपते.

तेथवरची तार मी स्वतः उभे राहून टाकून घेतली होती. त्या गोष्टीकडे पुढे यावयाचे आहे.

गेल्या आषाढात पावसाने जोर धरला आणि आमच्या घरी एक नवीच पीडा सुरू झाली. सकाळचे साडेसात वाजावेत, बोर्डावर ‘खट्’ असा आवाज व्हावा आणि खालचे आमचे व वरचे धाकट्या बंधूंचे, अशी दोन्ही बिऱ्हाडे एकदम अंधारात जावीत. कोणी स्नानगृहात अडकलेला, कोणाची चटणी मिक्सरात अर्धवट वाटलेली, आणि सूनबाई परसातून धावत येऊन विचारणार, “नाना, पुन्हा पडला का?” खटका वर करावा, तर कधी राही, कधी हातातून सुटताच पुन्हा खाली येई.

एकत्र कुटुंबात अशा वेळी निदानांना तोटा नसतो. सौभाग्यवतींचा रोख वरच्या मजल्यावरील जुन्या इस्त्रीवर होता. भावजयींना आमच्या मिक्सराचा संशय. मी मात्र निकाल दिला तो सूनबाईच्या संगणकावर. घरात सर्वांत नवी वस्तू ती, तेव्हा दोष तिचाच, असे हे तर्कशास्त्र! बिचारीने एक शब्द न बोलता आपले यंत्र उचलले आणि माजघरात जेवणाच्या मेजावर ठाण मांडले. दुसऱ्या दिवशी ते यंत्र नुसते बॅटरीवर चालत असताना खटका पडलाच. इतका ढळढळीत पुरावा समोर असूनही मी मत बदलले नाही, याची आता लाज वाटते.

हा खटका म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ घरांत तो असतो आणि फार थोड्यांना त्याचे काम ठाऊक असते. बोर्डावर लहान लहान खटक्यांची जी रांग असते, ते एमसीबी. तारेवर तिच्या शक्तीबाहेर भार पडला, किंवा दोन तारा एकमेकींना भिडल्या, की ते पडतात. पूर्वीच्या फ्यूजचे काम आता ते करतात. त्यांच्या शेजारी एक रुंद खटका असतो आणि त्यावर ‘टी’ अक्षराचे एक छोटे बटण असते. तो आरसीसीबी. त्याचे काम निराळे आहे. फेजच्या तारेने जेवढा प्रवाह घरात गेला तेवढाच न्यूट्रलच्या तारेने परत आला की नाही, एवढाच हिशेब तो अहोरात्र ठेवतो. दोन्ही रकमा जुळल्या तर तो स्वस्थ असतो. जुळल्या नाहीत, तर मधला प्रवाह कोठून तरी जमिनीत गेला, ओल्या भिंतीतून म्हणा, यंत्राच्या पत्र्यातून म्हणा किंवा मनुष्याच्या देहातून म्हणा, असे समजून तो क्षणाचाही विलंब न लावता वीज तोडतो. घरगुती खटक्यास ही तूट साधारणतः ३० मिलिअँपिअरपर्यंतच चालते. नऊ वॅटचा साधा एलईडी दिवा सुमारे ४० मिलिअँपिअर खातो, यावरून ही रक्कम किती क्षुल्लक ते कळेल. पण देहाच्या हिशेबात ती क्षुल्लक नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डालझील या प्राध्यापकांनी गेल्या शतकात स्वयंसेवकांवर प्रत्यक्ष मोजमापे केली. तार मुठीत धरलेला मनुष्य आपण होऊन हात सोडवू शकेल, अशी मर्यादा त्यांनी पुरुषांसाठी सुमारे ९ आणि स्त्रियांसाठी सुमारे ६ मिलिअँपिअर ठरविली. त्यापुढे मूठ उघडत नाही. १६ अँपिअरचा एमसीबी अशा वेळी जागचा हलणारही नाही, कारण मनुष्य मरावयास लागणारा प्रवाह त्याच्या लेखी भारच नव्हे.

हे ज्ञान मला नंतर झाले. त्या दिवसांत मला एवढेच दिसत होते, की खटका पडतो. बाजारातून एक कारागीर बोलावून आणला. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाला, “खटकाच नाजूक झालाय, काका. हा बाजूला ठेवून तार थेट जोडून देतो. नवा सवडीने बसवू.” मी होकार दिला. होकार देताना मला वडिलांची आठवण झाली, हेही सांगून टाकतो. रेल्वेने १९२९ साली ठाकुर्लीस उभारलेल्या चोळे वीजगृहाच्या सावलीत ज्यांचे आयुष्य गेले, त्या पिढीसही विजेचे भय म्हणून नव्हते. फ्यूज वरचेवर जाऊ लागला, की वडील त्यात दुहेरी तार भरीत आणि पुन्हा पेपर वाचावयास बसत. मीही तेच केले. फरक इतकाच, की मी पैसे देऊन करविले.

दोन दिवस घरात परम शांतता नांदली. चटणी वाटली गेली, स्नाने झाली. नात शाळेला सुट्टी म्हणून परसात मोगऱ्याच्या वाफ्याजवळ साचलेल्या डबक्यात कागदी होड्या सोडीत होती. अनवाणी, घोट्याएवढ्या पाण्यात. मी ओसरीवर बसून ते कौतुकाने पाहत होतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सूनबाई बोर्डासमोर थबकली. “नाना, खटका खाली आहे आणि दिवे चालू आहेत. हे कसे?”

मी सांगितले. ती काही वेळ बोलली नाही. मग हलक्या आवाजात म्हणाली, “खटका पडायचा थांबला, पण तो ज्यासाठी पडत होता ते थांबले का?” आणि उत्तराची वाट न पाहता परसात जाऊन मुलीला उचलून आत घेऊन आली.

पस्तीस वर्षे मी मुलांना प्रश्न विचारले. इतका सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. त्याच रात्री मी एका जुन्या विद्यार्थ्यास फोन केला. तो आता कल्याणास परवानाधारक वायरमन आहे. वर्गात असताना संस्कृतात तो यथातथाच होता. रात्रीच येऊन त्याने खटका पूर्ववत जोडला आणि म्हणाला, “सर, कचेरीचा एमसीबी खाली करून ठेवा, परसात कोणाला जाऊ देऊ नका, आणि चार दिवस वही घाला. खटका कधी पडला, तेव्हा पाऊस होता का, घरात काय काय चालू होते, सगळे लिहा.”

वही घातली. चौथ्या दिवशी ती वाचताना मला हसू आले. आमच्या न्यायशास्त्रात ज्याला अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात, म्हणजे हे असता ते असते आणि हे नसता ते नसते, त्याचाच तो तक्ता होता. आणि धूर व अग्नीचे उदाहरण जन्मभर घोकविणाऱ्या मला तो एका वायरमनाने घालावयास लावला होता. रात्री पाऊस झाला आणि सकाळी वरचा गीझर लागला, की खटका पडे. पाऊस नसेल तर गीझर खुशाल चाले. पाऊस असून गीझर बंद असेल, तरी काही होत नसे. पण एक गोष्ट उलगडेना. कचेरीचा एमसीबी तर खाली होता; मग तेथला दोष गृहीत धरावा कसा? दोष गीझरच्या कॉइलीतच असणार, असे मी पुन्हा घाईने ठरवून मोकळा झालो.

तो आला तेव्हा त्याने प्रथम कचेरीकडे जाणाऱ्या दोन्ही तारा बोर्डातून सोडविल्या. फेजची आणि न्यूट्रलचीही. मग गीझर तासभर चालविला. रात्रभर पाऊस झाला होता, तरी खटका हलला नाही. “एमसीबी फक्त फेज तोडतो, सर,” तो म्हणाला, “न्यूट्रल तशीच जोडलेली राहते.” आणि मग त्याने जे समजावले ते मला फार आवडले. कचेरीच्या वाटेवर न्यूट्रलची तार कोठेतरी ओल्या मातीला लागली आहे. २००० वॅटचा गीझर लागला, की सुमारे नऊ अँपिअर प्रवाह न्यूट्रलने परत निघतो. त्याला आता दोन वाटा दिसतात. बहुतेक सारा तारेने जातो, पण थोडा मातीतून पळतो. तेवढ्याने हिशेब चुकतो आणि खटका पडतो. दोष परसात, आणि चोर म्हणून पकडला जातो वरच्या मजल्यावरचा गीझर!

मेगर नावाच्या यंत्राने त्याने त्या तारेवर ५०० व्होल्टचा दाब देऊन पाहिला. सुस्थितीतील तारेचा रोध निदान एक मेगोहम तरी असावा. आमच्या तारेचा काटा शून्याला जाऊन टेकला. मग खणणे आले. मोगऱ्याच्या वाफ्याखाली, जेमतेम वीतभर खोलीवर, नळी फुटलेली सापडली. घुशीने आत शिरून तारा कुरतडल्या होत्या. न्यूट्रलचे तांबे उघडे पडून हिरवे झाले होते. फेजच्या तारेवर रबरी आवरणाचा नखाएवढा पापुद्रा तेवढा शिल्लक होता.

जमिनीखालून न्यावयाची ती आर्मर्ड केबल. लोखंडी तारांचे चिलखत असलेली, दोन-अडीच फूट खोल, वर वाळू आणि विटांचा थर. हे मला २०२० साली सांगितले गेले नव्हते असे नाही. टाळेबंदीत दुकाने बंद होती, हे खरे. परंतु दुकाने उघडल्यावरही मी घरात पडलेली साधी तार पातळ नळीत घालून चार-पाच हजार रुपये वाचविले आणि त्या काटकसरीचे वर्णन बंधूंपाशी दोनदा केले, हेही खरे. विद्यार्थ्याने तो पापुद्रा मला दाखविला, पण तोंडाने काही बोलला नाही.

आता केबल नीट पुरली आहे. कचेरीस स्वतंत्र आरसीसीबी आहे. तेथे काही झाले तर घर अंधारात जात नाही. दोन्ही तारा एकदम तुटतील असा खटकाही बसविला. घरच्या माणसांनी काय करावे, तर यंत्रांच्या पिना काढाव्यात, एकेक लावून पाहावी, वही घालावी. बोर्डाचे झाकण मात्र उघडू नये, ते जाणत्याचे काम. ‘टी’ बटण मी दर संकष्टीस दाबून पाहतो. तारीख विसरते, संकष्टी विसरत नाही. खटका पडला, की तो जिवंत आहे असे समजून पुन्हा वर करतो. सूनबाईचे यंत्र माजघरातून परसात मी स्वतः नेऊन ठेवले. तिने “राहू द्या, नाना” म्हटले तरी ठेवले.

मोगरा मात्र खणताना दुखावला. तो कुंपणाकडे हलविला आहे आणि अजून धरलेला नाही.

राहता राहिली गोष्ट त्या दोन दिवसांची. नात पाण्यात खेळत होती तेव्हा खटका आमच्याच संमतीने निकामी होता, हे सौभाग्यवतींना सूनबाईने सांगितले नाही आणि मीही सांगितलेले नाही. हा अंक आमच्या घरी येतो, आणि तो प्रथम त्याच उघडतात.