बांगड्यांचे तुकडे आणि तीन आरसे

भूमितीचे आणि माझे कधी जमले नाही. प्रमेयाखाली ‘हेच सिद्ध करायचे होते’ असे लिहिताना मला दर वेळी वाटे, की तुम्हांला हे आधीच ठाऊक होते, तर मला कशाला छळलेत? दहावी आटोपताच कंपासपेटी धाकट्या भावाच्या हवाली करून मी मराठीच्या आश्रयाला आलो. आणि आता आमच्या कन्येने बारावीनंतर जाहीर केले, की तिला इंजिनिअर व्हायचे नाही, गणित शिकायचे आहे, नुसते गणित!

“त्याचा उपयोग काय?” मी विचारले, आणि माझाच आवाज मला ओळखीचा वाटला. मी मराठीत एम. ए. करतो म्हटल्यावर वडिलांनी हाच प्रश्न याच सुरात विचारला होता.

लेकीने वाद घातला नाही. कपाटातून तिचा लहानपणीचा, जत्रेत घेतलेला शोभादर्शक काढून माझ्या हाती दिला. “बाबा, एक माणूस जन्मभर याचाच विचार करीत होता,” ती म्हणाली.

त्या माणसाचे नाव डोनाल्ड कॉक्सेटर. जन्म लंडनचा, १९०७ सालचा. शाळेत आजारी पडला, तेव्हा शेजारच्या खाटेवर जॉन पेट्री नावाचा मुलगा होता. दोन आजारी पोरांनी काय करावे? चौथ्या मितीत कोणत्या घनाकृती असतील, यावर गप्पा मारल्या! पुढे या मुलाचा निबंध वडिलांनी बर्ट्रंड रसेलना दाखविला आणि रसेलनी त्यांना नेव्हिल यांच्याकडे पाठविले. हे नेव्हिल म्हणजे १९१४ साली मद्रासेत रामानुजनना केंब्रिजला येण्यास राजी करणारे गृहस्थ. माणसे हेरण्याची त्यांची नजर मोठी खरी.

मला मात्र भावली ती ॲलिस मावशी. ॲलिशिया बूल स्टॉट ही विख्यात बूलची मुलगी. कॉलेजचे तोंड न पाहिलेली ही गृहिणी चार मितींतल्या आकृतींचे छेद पुठ्ठ्याचे करी. १९३० साली तिची नि कॉक्सेटरची ओळख झाली, तेव्हा ती सत्तरीची आणि तो तेवीस वर्षांचा. दोघांनी मिळून संशोधन केले. भाचा असावा तर असा!

आता तो शोभादर्शक. दोन आरसे साठ अंशांत उभे केले, की बांगडीचा एक तुकडा सहा ठिकाणी दिसतो. या आरशात, मग त्या आरशात, असे आळीपाळीने सहा वेळा उलटत गेले, की तुकडा मूळ जागी परततो. अशा उलटापालटींच्या कुटुंबाला गणितात ‘गट’ म्हणतात. कोणकोणत्या कोनांत आरसे उभे केले तर प्रतिमांची संख्या मर्यादित राहते? तीन मितींतच नव्हे, कितीही मितींत? १९३४-३५ मध्ये कॉक्सेटरने त्यांची संपूर्ण यादीच दिली. आरशासाठी टिंब, साठ अंशांच्या कोनासाठी जोडणारी रेघ, काटकोन असेल तर काहीच नाही. एवढीच त्याची लिपी. माझ्यासारख्यालाही ती वाचता आली, हे मी अभिमानाने नमूद करतो.

१९३६ साली तो टोरांटोला गेला, तो कायमचा. पुढे भूमितीचे दिवस फिरले. फ्रान्समधल्या बूर्बाकी नावाच्या मंडळाला तर पुस्तकात आकृतीदेखील खपेना. हा गृहस्थ आपला आकृत्या काढीत बसला. त्याच्या लेखातली एक आकृती पाहून चित्रकार एशरला वर्तुळाच्या कडेकडे लहान लहान होत जाणाऱ्या माशांची वाट सापडली. मजकूर त्यालाही कळला नव्हता म्हणे. आणि १९६८ साली खुद्द बूर्बाकीनेच आपल्या ग्रंथात या गटांना कॉक्सेटरचे नाव दिले. त्याबद्दल त्याने कुठे मिरविले असेल, असे मला वाटत नाही. शाकाहार, रोजचा व्यायाम आणि गणित यांवर तो शहाण्णवाव्या वर्षापर्यंत टिकला. मार्च २००३ मध्ये गेला, तोवर काम चालूच होते.

रात्री दिव्यासमोर मी शोभादर्शक फिरवीत बसलो. “अहो, तो हिरवा तुकडा माझ्या बांगडीचा,” असे म्हणून सौभाग्यवतींनी तो काढून घेतला, तो परत दिलाच नाही.

सकाळी गावी वडिलांना फोन केला. नात गणित घेते म्हणते, असे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले.

“फॉर्म भरायची शेवटची तारीख कधी आहे?” त्यांनी विचारले.