अभ्यास : एका शब्दाचे दोन अर्थ

‘हल्लीच्या मुलांना संयम म्हणून नाहीच,’ हे वाक्य प्राध्यापक-कक्षात चहाबरोबर नेहमी ऐकू येते. बोलणाऱ्याचा स्वतःचा मोबाइल बहुधा समोरच्या टेबलावरच असतो, हा भाग सोडून देऊ. आम्हांला खटकते ते त्यामागचे गृहीत : मोबाइल सुटत नाही, म्हणजे मुलाचे चारित्र्यच दुबळे.

मुलेही आता हे मानू लागली आहेत, ही खरी काळजीची बाब. एम.ए.च्या वर्गातील एक विद्यार्थिनी मध्यंतरी आम्हांला म्हणाली, ‘रोज ठरवते, अकराला फोन ठेवायचा. दोन वाजतात. मग फोनपेक्षा स्वतःचाच राग येतो.’ झोप तर गेलीच. वर स्वतःवरचा विश्वासही गेला.

पुस्तकाचे पान संपते, प्रकरण संपते. तेथे थांबण्याची सोय असते. २००६ साली अझा रास्किन यांनी पडद्यावरचा मजकूर संपूच नये अशी रचना केली, आणि पुढे तिच्याविषयी जाहीर खेदही व्यक्त केला. २०१६ नंतर आपल्याकडे डेटा स्वस्त झाला. २०२०च्या टाळेबंदीत वर्गच मोबाइलमध्ये गेला. आजही नोट्स आणि परीक्षेच्या सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. ज्या दाराने विद्या आत येते, त्याच दाराने मोहही येतो. अशा वेळी ‘फोन बंद ठेव’ हा उपदेश पोकळ ठरतो.

वॉल्टर मिशेल यांचा स्टॅनफर्डमधील प्रयोग प्रसिद्ध आहे. बालकासमोर एक मिठाई ठेवायची. थांबलास तर दोन मिळतील, असे सांगायचे. थांबू शकलेली मुले दातओठ खात मिठाईकडे पाहत बसली नव्हती. ती डोळे झाकत होती, गाणी म्हणत होती. पुढे २०१८ मध्ये अधिक मुलांच्या माहितीवरून फेरतपासणी झाली. घरची परिस्थिती विचारात घेताच, थांबण्याचा पुढील यशाशी असलेला संबंध बराच क्षीण झाला. संयम हा केवळ आतला गुण नव्हे. भोवतालचाही त्यात वाटा असतो.

म्हणून ‘व्यसनी’ हा शब्द जपून वापरावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात गेमिंगच्या विकाराला स्थान आहे, स्मार्टफोनच्या व्यसनाला स्वतंत्र स्थान नाही. कित्येकदा उदास मूलच फोनचा आसरा घेते. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे हरवली असेल, तर उपदेश थांबवून समुपदेशक गाठावा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलतेची तक्रार करतो. श्रीकृष्ण त्याला बोल लावत नाहीत. अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगतात. वैराग्य विशीतल्या मुलांकडून मागणे अवघड. अभ्यास मात्र मागता येतो. तेथे त्याचा अर्थ पुनःपुन्हा केलेला यत्न. आपण मराठीत तोच शब्द शिकण्यासाठी वापरतो. आमच्या तासाला पहिली वीस मिनिटे सर्वांचे फोन पिशवीत जातात, आमचेही. आणि एकेक जण पाळीपाळीने पाठ्यपुस्तक मोठ्याने वाचतो. आरंभी हात पिशवीकडे वळतात. वळू द्यावेत. परत येणे हाच अभ्यास आहे, आणि तो एकट्याने करण्यापेक्षा चाळीस जणांच्या सोबतीने सोपा जातो.