दीड सेंटिमीटर

कॅमेऱ्याच्या भिंगाचा आंकडा जितका लहान तितकें त्याचें छिद्र मोठें, हें विद्यार्थ्यांना प्रथम चमत्कारिक वाटतें. एफ/१.८ चें भिंग सायंकाळच्या मंद उजेडांतही भरपूर प्रकाश आंत घेतें आणि मागचा पसारा धुक्यासारखा विरवून टाकतें. म्हणून तरुणांस त्याची भुरळ पडते, व ती अस्थानीं आहे असें मी म्हणणार नाहीं. परंतु लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरचें असें भिंग लावून एक मीटरवरील चेहरा टिपला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा उणापुरा ३ सेंटिमीटर खोल असतो. डोळा त्यांत बसला कीं नाकाचा शेंडा बाहेर पडतो.

गतवर्षीं स्नेहसंमेलनास आमच्या एका विद्यार्थ्याची आजी गांवाहून आली होती. त्यानें तिचें छायाचित्र घेतलें. पुढें चार महिन्यांनीं ती वारली, आणि घरांत तिचें म्हणून तेवढें एकच छायाचित्र राहिलें. त्यांत कानशिलावरील पांढरे केस एकेक मोजून घ्यावे इतके स्वच्छ आहेत. डोळे मात्र धुरकट. मुलानें मला विचारलें, "सर, हिरवी चौकट डोळ्यावरच होती, कॅमेऱ्यानें आवाजही दिला, मग चुकलें कोण?"

प्रश्न मार्मिक होता, आणि त्याचें उत्तर त्रिकोणमितींत सांपडतें. त्यानें मधल्या बिंदूनें डोळा धरला, बटण अर्धें दाबून फोकस तसाच ठेवला, आणि चेहरा चौकटींत वर यावा म्हणून कॅमेरा सुमारें १० अंश खालीं वळविला. भिंगाचा फोकस गोल पृष्ठावर नव्हे, तर जवळजवळ सपाट प्रतलावर असतो, आणि तें प्रतल कॅमेऱ्याबरोबर वळतें. १० अंशांचा कोसाइन ०.९८५, म्हणजे डोळा नव्या प्रतलाच्या दीड सेंटिमीटर अलीकडे राहिला. पट्ट्याचा अर्धा वांटा एवढ्यांतच संपला. त्यांत आजीबाई हंसतांना किंचित् पुढें झुकल्या. यंत्रानें दाखविलेली चौकट खोटी नव्हती. ती वळण्यापूर्वींच्या क्षणाची होती.

म्हणून अशा भिंगानें कॅमेरा न वळवितां फोकसबिंदूच हलवून जवळच्या डोळ्यावर आणावा. गुळगुळीत गालावर किंवा कोऱ्या भिंतीवर कॅमेरा चांचपडत राहतो. पापण्यांच्या केसांवर तो चटकन् स्थिरावतो. माणूस हालत असेल तर अखंड फोकस चालू ठेवून तीन-चार चित्रें लागोपाठ घ्यावीं.

आरशाच्या कॅमेऱ्यांत आणखी एक अडचण असते. फोकस मोजणारा भाग चित्र घेणाऱ्या संवेदकाहून निराळा, आरशाखालीं बसविलेला असतो. दोन्ही वाटांच्या लांबींत किंचित् फरक पडला तरी फोकस नेहमीं एकाच बाजूस चुकतो. कॅमेरा तिवईवर ठेवून वर्तमानपत्राची एक ओळ तिरकस कोनांतून टिपावी, मग तीच ओळ पडद्यावर मोठी करून हातानें फोकस करून टिपावी, व दोन्ही ताडून पाहावीं. कांहीं कॅमेऱ्यांत हा फरक दुरुस्त करण्याची सोय असते. बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत मोजमाप संवेदकावरच होतें, आणि त्यांतले पुष्कळसे डोळा आपण होऊन ओळखतात.

तरीही वडील माणसांचें छायाचित्र मुलांनीं एफ/४ वर घ्यावें असें मी सांगतों. पट्टा ६ सेंटिमीटरांवर जातो. मागची भिंत थोडी दिसते, ती दिसूं द्यावी. आणि चित्र पडद्यावर मोठें करून डोळे पाहून होईपर्यंत आजी-आजोबांस खुर्चीवरून उठूं देऊं नये.