इन्स्टॉल नावाची फाईल

पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीनं मराठी विभागात लिहायचं म्हणजे जरा धाडसच. ऱ्हस्व-दीर्घाचं संपादक मंडळ बघून घेईल. त्यातून विषय ना मेसच्या भाजीचा, ना पहिल्या पावसाचा. विषय आहे ओपनएसएसएच हे सॉफ्टवेअर कसं इन्स्टॉल करायचं ते सांगणाऱ्या सहा पानी कागदाचा! (मेकॅनिकलवाल्यांनो, पान उलटू नका. लॅबच्या सर्व्हरवर लॉगिन तुम्हीही करता.)

हॉस्टेलच्या खोलीतून आपण सर्व्हरवर लॉगिन करतो, तेव्हा मधे कुणी कान लावून बसलं तरी त्याला आपला पासवर्ड कळत नाही. ही एसएसएचची कृपा. पूर्वी टेलनेटवर पासवर्ड उघडाच जायचा. १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले, आणि तिथल्याच तातू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. म्हणजे जन्म कॉलेजातच! पुढे त्याचं लायसन्स आवळत गेलं, तेव्हा ओपनबीएसडीच्या मंडळींनी जुनी, मोकळी आवृत्ती उचलली आणि १९९९ मध्ये ओपनएसएसएच तयार केलं. लिनक्स वगैरेंसाठी त्याची पोर्टेबल आवृत्ती निघते. तिच्या सोर्ससोबत 'इन्स्टॉल' नावाची साधी टेक्स्ट फाईल येते. आमच्या लॅबचा कागद तिच्यावरूनच कुणा सीनियरनं कैक वर्षांपूर्वी उतरवलेला.

"सर, एका कमांडमध्ये पॅकेज येतं, मग सोर्सपासून हा खटाटोप कशाला?" असं मी विचारलं. "मग इंजिनीअरिंग तरी कशाला करतेस?" असं उत्तर आलं. विषय संपला.

आता खरी गोष्ट. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये, ऐन सबमिशनच्या आठवड्यात, लॅबच्या काकांनी त्या कागदाबरहुकूम नवी आवृत्ती टाकली आणि सर्व्हरचं दार सगळ्यांनाच बंद झालं. काका आमचे लॅब असिस्टंट, रिटायरमेंटला थोडी वर्षं राहिलेली. कागदावर बोट ठेवून एकेक ओळ टाइप करतात, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. त्या दिवशी त्यांना सगळ्या बॅचसमोर नको नको ते ऐकून घ्यावं लागलं. ते काहीच बोलले नाहीत, फक्त कागदाची घडी करून खिशात ठेवली. मला ते फार लागलं. पुढे कागद अपडेट करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा कळलं की काकांनी सगळं बरोब्बर केलं होतं.

झालं होतं असं. कागद म्हणतो, सर्व्हरसाठी डीएसए प्रकारची की बनवा. ज्या काळी लिहिला त्या काळी सल्ला योग्यच होता. पण २०१५ च्या ७.० आवृत्तीपासून डीएसए आपोआप चालणं बंद झालं, आणि एप्रिल २०२५ च्या १०.० मध्ये ते कोडमधूनच काढून टाकलं. त्यामुळे कमांडनं 'अननोन की टाइप' म्हणून नकार दिला. असं झालं तर काय करायचं, यावर कागद गप्प! काका पुढच्या पायरीवर गेले. गंमत म्हणजे 'मेक इन्स्टॉल' ही कमांड स्वतःच नव्या प्रकारच्या कीज बनवून ठेवते. त्या तिथेच शेजारी पडल्या होत्या. पण सेटिंगच्या फाईलमध्ये, कागदात सांगितल्याप्रमाणे, नाव फक्त डीएसएचं. सर्व्हरनं 'नो होस्टकीज अव्हेलेबल' म्हणून मान टाकली.

कोड जुना झाला तर निदान एरर तरी देतो. कागद मात्र पूर्वीच्याच ठामपणे बोलत राहतो, आणि बोलणी बसतात वाचणाऱ्याला.

लिहायला बसण्याआधी मी काकांना जुना कागद मोठ्यानं वाचायला सांगितला. दुसऱ्याच ओळीला ते म्हणाले, "अगं पण हे टाइप कुठं करायचं? माझ्या मशीनवर की सर्व्हरवर?" सहा पानांत हे कुठेच नव्हतं! आता प्रत्येक कमांडच्या आधी मशीनचं नाव आहे, आणि कमांडनंतर स्क्रीनवर काय दिसायला हवं तेही. की बनवायची पायरी तर मी काढूनच टाकली.

कागद मराठीतच करायचा असं मी ठरवलं होतं. 'प्रिव्हिलेज सेपरेशन'ला 'विशेषाधिकार-विभाजन' असा भारदस्त शब्द शोधून आणला. काका म्हणाले, "स्क्रीनवर जे दिसतं तेच लिही. फक्त ते कशाला करायचं तेवढं मराठीत सांग." मग लिहिलं : गेटवरचा वॉचमन नाव-गाव विचारतो, पण खोल्यांच्या किल्ल्या त्याच्याकडे नसतात, त्या रेक्टरच्या ऑफिसात. वॉचमनला कुणी फसवलं तरी किल्ल्या मिळत नाहीत. सर्व्हरवरही बाहेरच्याशी बोलणारा भाग 'एसएसएचडी' नावाच्या बिनअधिकाराच्या युजरखाली चालतो, म्हणून तो युजर आणि एक रिकामी डिरेक्टरी आधी तयार लागते. २०१७ पासून ही सोय बंदच करता येत नाही. आमचा कागद अजून 'बंद करा' म्हणत होता, घाईतल्या कुणीतरी लिहिलेलं असणार.

सरांना आणखी दोन पानं थिअरी हवी होती. मी नम्रपणे नाही म्हटलं. त्याऐवजी शेवटी ठळक अक्षरांत दोनच सूचना घातल्या : रीस्टार्ट करण्याआधी सेटिंगची फाईल 'मायनस टी' लावून तपासा, आणि नवीन लॉगिन होतंय हे दुसऱ्या विंडोतून पाहिल्याशिवाय पहिली विंडो बंद करू नका. पहिल्या पानावर, कुठल्या आवृत्तीवर आणि कुठल्या तारखेला करून पाहिलं, ते आहे. खाली पुढच्या तारखांसाठी रिकाम्या ओळी.

जानेवारीत काकांनी एकट्यानं इन्स्टॉल केलं. मी मागे स्टुलावर गप्प बसले होते. चाळीस मिनिटं लागली, त्यात एक चहा. मग खिशातलं पेन काढून त्यांनी पहिल्या रिकाम्या ओळीवर तारीख घातली आणि खाली सही केली.