भुऱ्या घरात आला आणि आम्ही शिकलो

आमचे दिंद्रुडचे घर म्हणजे दोन खोल्या, वर पत्रे आणि पुढे छोटेसे अंगण. त्यात आम्ही दोघे नवराबायको, दोन मुले आणि म्हातारी आई. अशा घरात गेल्या पावसाळ्यात आमच्या धाकट्या मुलीने शाळेच्या दप्तरात घालून कुत्र्याचे पिल्लू आणले. तेलगावच्या रस्त्यावर त्याची आई गाडीखाली सापडली होती. पिल्लाचा रंग भुरा, म्हणून नाव भुऱ्या. “ठेवायचे तर तुम्हीच सांभाळा, आम्ही हात लावणार नाही,” असे आम्ही सगळे बाप म्हणतात तसे म्हणालो आणि कचेरीत निघून गेलो.

आठ दिवसांत घराची कळा बदलली. चुलीपाशी ओले, अंथरुणावर ओले, दाराच्या मागे घाण. मुलांची आई दिवसातून सहा वेळा फरशी पुसायची आणि प्रत्येक वेळी आमच्याकडे बघायची.

वस्तीतल्या लोकांचे अर्ज भरून देण्याचे काम आम्ही बरीच वर्षे करतो. शिष्यवृत्ती असो, उत्पन्नाचा दाखला असो, लोक संध्याकाळी कागद आणून देतात. त्या दिवशी एका मजूर बाईने मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी मूळ टी.सी. आणून दिली होती. आम्ही ती पिशवीसकट खाली ठेवली आणि भुऱ्याने नेमकी तीच जागा धरली. शाई पसरली, शिक्का पुसट झाला. आमचा तोल गेला. आम्ही वर्तमानपत्राची गुंडाळी केली आणि त्याला तीन-चार फटके मारले. वर नाक त्या ओल्या जागेवर घासले, कारण असेच शिकवतात असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी त्या बाईसमोर मान खाली घालून उभे राहावे लागले. दुसरी प्रत मिळवण्यासाठी तिच्याबरोबर शाळेत जाऊन अर्ज दिला. तिचा एक दिवसाचा रोजगार बुडाला, तो आम्ही भरून दिला. पण तिने मुलासाठी जपलेला कागद आमच्या घरात खराब झाला, हे काही भरून निघाले नाही.

आणि भुऱ्या शिकला का? शिकला. आम्ही समोर असताना त्याने घरात एकदाही घाण केली नाही. आम्हाला वाटले, मात्रा लागू पडली. चार दिवसांनी धान्याच्या कणगीमागून वास यायला लागला. कणगी सरकवली तर मागे सगळा साठा! तिथेच भिंतीच्या फटीत घडी करून खोचलेली थोरल्याची गणिताची उत्तरपत्रिका सापडली. गुण 100 पैकी 22. मुलगा दारात उभा, भुऱ्या खाटेखाली, आणि दोघांच्या नजरा सारख्याच. त्या दिवशी आम्ही कुणालाच काही बोललो नाही.

पुढे आम्ही भुऱ्याला घेऊन सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी दात बघून वय सांगितले, दोन महिने. मग त्यांनी जे समजावले ते आम्हाला कुणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाची आईच त्याला चाटून स्वच्छ करते. पुढे पायात बळ आले की पिल्लू आपणहून झोपायच्या जागेपासून लांब जाऊन करते. ही स्वच्छता त्याच्या अंगातच असते. पण त्याच्या लेखी झोपायची जागा म्हणजे पोत्याचा तुकडा. बाकीचे तुमचे सगळे घर त्याला बाहेरच वाटते! शिवाय दोन महिन्यांच्या पिल्लाला फार वेळ धरून ठेवता येत नाही. जितके महिने वय, त्यात एक मिळवायचा, साधारण तितके तास. म्हणजे आमच्या भुऱ्याला जास्तीत जास्त तीन तास, आणि जागा असताना तेवढेही नाही. घडून गेल्यावर मारले तर त्याला कारण कळत नाही. हा माणूस बघत असला की मार बसतो, एवढेच कळते. म्हणून ते लपून करते.

आम्ही पडलो कारकून आणि शिक्षण बी.कॉम. घरी आलो आणि आवक-जावक वही काढली. एका बाजूला खाणे-पिणे, दुसऱ्या बाजूला त्याचा निकाल, आणि दोन्हींसमोर वेळ. आठवड्यात चित्र स्पष्ट झाले. झोपून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आणि खेळून दमल्यावर, या तीन वेळा चुकत नव्हत्या. दूध पाजले की पोट बिघडते, हेही वहीनेच दाखवले. गाईम्हशीचे दूध पुष्कळ पिल्लांना पचत नाही. दूध बंद करून भाकरी, भात आणि उकडलेले अंडे ठरल्या वेळी द्यायला लागलो, तशी जावकही वेळेवर होऊ लागली.

डॉक्टरांनी दुसरी गोष्ट सांगितली होती ती पेटीची. पिल्लाला स्वतःची अशी लहानशी जागा द्यायची. त्यात उभे राहता यावे, वळता यावे, पाय पसरून झोपता यावे, इतकीच. फार मोठी असली तर ते एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्या कोपऱ्यात घाण करते. शहरात यासाठी लोखंडी पिंजरे विकत मिळतात. आम्ही बाजारातून टमाट्याचे रिकामे कॅरेट आणले, आडवे ठेवले, आत गोणपाट घातले आणि तोंडाला कोंबड्यांच्या जाळीचे दार तारेने बसवले.

ते अंगणात ठेवायचा विचार होता, पण लऊळची गोष्ट आठवली. आमच्याच माजलगाव तालुक्यातल्या लऊळ गावात 2021 साली वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर आणि घरांवर नेऊ लागली होती. तिथे पडून किंवा उपासमारीने पिल्ले मरत. आकडा कुणी 80 सांगे, कुणी 250. त्यावर वाद झाला, वानरांच्या सूडाची गोष्ट जगभर छापून आली. शेवटी डिसेंबर महिन्यात वनविभागाने नागपूरच्या पथकाकडून दोन वानरे पकडून नेली. त्यात सूड किती आणि अफवा किती हे बाजूला ठेवले तरी लहान पिल्लू उघड्यावर सोडू नये, एवढा धडा घेण्यासारखा आहे. उन्हाळ्यात तर पत्र्याच्या पडवीतही ठेवू नये, भट्टी होते. आम्ही कॅरेट आतल्या खोलीत, आईच्या खाटेजवळ ठेवले.

आणि इथेच गाडे अडले. आम्ही भुऱ्याला आत घालून दार लावले तसे ते केकाटायला लागले. आई उठली, तिने दार उघडले आणि त्याला पदरात घेतले. “कोंडून घालायचं व्हतं तर आणलं कशाला रं? मुकं जनावर हाय ते.” आम्ही डॉक्टरांचे सगळे सांगून पाहिले. ती ऐकेना. सलग तीन रात्री हेच. चौथ्या रात्री आम्ही थोडे चिडूनच विचारले, “आई, तुला एवढं काय लागतंय?”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तुला बी बांधलं व्हतं म्या.”

आमचे आईवडील ऊसतोड करायचे. दिवाळीच्या आगेमागे उचल घेऊन टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात जायचे ते उन्हाळा लागल्यावर परत यायचे. हे आम्हाला ठाऊक होते. पुढचे ठाऊक नव्हते. “तू रांगायलास. कोपीच्या म्होरं गाडीच्या चाकाला लुगड्याच्या धडप्यानं तुझी कंबर बांधायची अन् फडात जायचं. न बांधावं तर तू कोयत्याखाली येशील, न्हाईतर इहिरीत जाशील. दुपारी येऊन बघावं तर तू रडून रडून झोपल्याला. टोळीतलं एक कुत्रं तेवढं तुझ्यापाशी बसल्यालं असायचं.” एवढे बोलून तिने भुऱ्याला पुन्हा पदराखाली घेतले.

चाळिशी उलटेपर्यंत हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. त्या कोयत्याच्या हिशेबात लेकराकडे बघायला कुणी उरत नाही. आईने बांधले ते आम्ही जगावे म्हणून. तरी ती गाठ इतकी वर्षे तिच्याच मनाला काचत होती. आम्ही तिच्यापाशी जाऊन बसलो. बोलण्यासारखे काही नव्हते.

सकाळी उठून आम्ही कॅरेटचे दार काढून टाकले. डॉक्टरांनीही आधी दार उघडेच ठेवायला सांगितले होते. घाई आमचीच होती. मग आईलाच म्हटले, “आता तूच बघ.” तिने भाकरीचा तुकडा पहिल्यांदा दाराशी ठेवला, मग आत, मग अगदी तळाशी. चार दिवसांत भुऱ्या आपणहून आत जाऊन झोपायला लागला. नंतर आम्ही दार परत बसवले. तो खात असताना मिनिटभर लावायचे, मग पाच मिनिटे, मग दहा. आई शेजारी बसून असायची. तो उगाच भुंकला तर गप्प होईपर्यंत थांबायची. पण चुळबुळ वेगळी असली की तिला ओळखू यायची. “चल बाहीर,” म्हणायची आणि त्याला उचलून लिंबाच्या झाडाखाली न्यायची. रोज तेच झाड, तोच शब्द. काम झाले की तिथल्या तिथे तुकडा आणि पाठीवर हात. घरात येऊन दिलेल्या तुकड्याचा उपयोग नाही, कारण तो कशाबद्दल मिळाला ते त्याला समजत नाही. आई पहाटे चारला उठतेच, त्यामुळे रात्रीची मोठी अडचण सुटली.

चूक मात्र आमच्याकडून आणखी एकदा झाली. एका रविवारी सगळे विहारात गेलो. दोन तासांचा कार्यक्रम लांबला, वर एका तंट्याची बैठक लागली. घरी यायला पाच तास झाले. भुऱ्याने आतच घाण केली होती आणि त्यातच तो बसून होता. पुढे दोन दिवस तो कॅरेटकडे फिरकेना. त्या तारखेला वहीत नावे बाजूस आम्ही आमचेच नाव लिहिले. पुन्हा दार काढले, पुन्हा तुकड्यापासून सुरुवात केली.

ज्यांच्या घरी पिल्लू येईल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. घरात घाण झाली तर न ओरडता आधी साबणाने आणि मग व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पुसा. वास राहिला तर ते पुन्हा तिथेच जाते. फिनेल लावू नका, पिल्लू पाय चाटते आणि ते त्याच्या पोटात जाते. पेटीत कधीही शिक्षा म्हणून घालू नका. दिवसभर कोंडणे किंवा आखूड साखळीने सतत बांधून ठेवणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हाही आहे. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचून घ्या, बाकीच्या लसी आणि जंताचे औषध डॉक्टर सांगतील तसे. आणि मुलांना खेळताना दात लागला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि सरकारी दवाखान्यात जा. हळद-चुन्यावर विसंबू नका.

भुऱ्या आता मोठा झाला आहे. पाच महिन्यांचा झाला तेव्हा वही बंद केली. कॅरेट त्याला केव्हाच पुरेनासे झाले, म्हणून जुन्या फळ्यांची मोठी पेटी ठोकली आहे. तिला दार नाही. लागतही नाही. बाहेर जायचे असले की तो उंबऱ्याशी उभा राहून आईकडे बघतो.

थोरल्याने परवा गणिताची उत्तरपत्रिका स्वतः आणून आमच्या हातात दिली. गुण 41. आम्ही सही केली आणि कुठे अडते ते विचारले. दोघे रात्री उशिरापर्यंत उदाहरणे सोडवत बसलो. आई खाटेवरून ऐकत होती, आणि खाली पेटीत भुऱ्या पाय पसरून झोपला होता.